इरिव्हर्सिबल, इरेव्होकेबल की इरेपरेबल?

‘आता हे पूर्ववत होणं नाही’ हे इंग्रजीत लिहायचं झालं की निदान सात-आठ विशेषणं समोर येतात. शब्दकोश त्यांना एकमेकांचे समानार्थी म्हणून मोकळा होतो. पण अहवाल किंवा करार लिहिणाऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही. या प्रत्येक शब्दाच्या पोटात एक क्रियापद दडलेलं आहे आणि शब्द त्यालाच ‘नाही’ म्हणतो. म्हणून आधी ठरवायचं ते हे, की नेमकं काय करता येणार नाही: उलटवता, मागे घेता, भरून काढता की परत मिळवता?

सर्वांत जास्त गोंधळ इरिव्हर्सिबल आणि इरेव्होकेबल यांत होतो. इरिव्हर्सिबल हा उलटवता न येणाऱ्या प्रक्रियेचा शब्द आहे. मेंदूला झालेली इजा, रासायनिक अभिक्रिया, हवामानातले बदल यांना तो लागतो. ते कुणी मुद्दाम घडवलेले असायला हवेत असं नाही. इरेव्होकेबलला मात्र माणूस लागतो. आधी कुणीतरी शब्द, संमती, अधिकार किंवा हमी दिलेली असते आणि ती आता त्याला मागे घेता येत नाही. मुळातल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थच ‘परत बोलावणं’ असा आहे. म्हणून ट्रस्ट आणि पॉवर ऑफ अॅटर्नी इरेव्होकेबल असू शकतात. बँकांच्या लेटर ऑफ क्रेडिटसाठी, म्हणजे खरेदीदाराच्या वतीने विक्रेत्याला पैसे देण्याच्या हमीपत्रासाठी, जुलै 2007 पासून लागू असलेल्या ‘यूसीपी 600’ या नियमांत तर तसं लिहिलेलं नसलं तरी पत्र इरेव्होकेबलच धरलं जातं.

दोन्ही शब्द एकाच प्रसंगाला लावून पाहिले की फरक लगेच कळतो. शस्त्रक्रियेला दिलेली संमती रुग्ण शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंत मागे घेऊ शकतो, म्हणजे ती इरेव्होकेबल नाही. पण काढून टाकलेला अवयव पुन्हा पहिल्यासारखा बसत नसेल तर परिणाम इरिव्हर्सिबल. उलट, राजीनामा मागे घेता येणार नाही असं ठरलेलं असेल तर तो इरेव्होकेबल. तरी त्याच माणसाला पुन्हा नोकरीवर घेता येतं, म्हणजे परिस्थिती इरिव्हर्सिबल नाही. ‘निर्णय’ या शब्दाला दोन्ही चालतात. जेफ बेझोस यांनी अॅमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात एकाच बाजूने उघडणाऱ्या, एकदा गेलं की परत येता न येणाऱ्या दारासारखे निर्णय वेगळे काढले, तेव्हा त्यांनी इरिव्हर्सिबल हाच शब्द वापरला. मी करारात इरेव्होकेबल लिहीन, परिणामांबद्दल बोलताना इरिव्हर्सिबल.

इरिव्हर्सिबल म्हणजे ‘कायमचं’ असं समजून पर्मनंट लिहायचा मोह होतो, तिथेही जरा थांबावं. पर्मनंट म्हणजे जे बदलणार नाही. इरिव्हर्सिबल म्हणजे जे बदलताच येणार नाही. हा केवळ शब्दांचा कीस नाही. अमेरिकेत 1981 साली तयार झालेल्या मृत्यू कधी झाला हे ठरवणाऱ्या नमुना कायद्यात रक्ताभिसरण आणि श्वसन किंवा संपूर्ण मेंदूचं कार्य इरिव्हर्सिबल रीतीने थांबलेलं असावं असं म्हटलं आहे. हृदय थांबल्यावर अवयवदान होतं तेव्हा ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा नाही असं आधीच ठरलेलं असतं. मग ते थांबणं पर्मनंट आहे की इरिव्हर्सिबल, यावर वैद्यकीय नीतिशास्त्रात बराच वाद झाला आहे. दुसरीकडे, हवामानशास्त्रात इरिव्हर्सिबललाही मुदत असते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2021 च्या अहवालात समुद्रपातळी आणि हिमस्तरांतले बदल शतकं ते सहस्रकं इरिव्हर्सिबल असल्याचं म्हटलं आहे. अशा ठिकाणी मुदत लिहिल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

इरेपरेबल ऐकला की ‘रिपेअर’ आठवतं आणि बिघडलेल्या यंत्रालाही तो लावला जातो. तिथे ‘बियाँड रिपेअर’ बरं. इरेपरेबल शोभतो तो हानीला, नात्याला, प्रतिष्ठेला. आपल्याकडे शोकसंदेशात येणारी ‘कधीही भरून न निघणारी हानी’ म्हणजे हाच शब्द. न्यायालयात मनाई हुकूम मागताना याला नेमका अर्थ आहे: नंतर पैशाने भरपाई होऊ शकणार नाही असं नुकसान. पैशाने भरून निघणारं नुकसान कितीही मोठं असलं तरी कायद्याच्या भाषेत ते सहसा इरेपरेबल ठरत नाही.

इरिप्लेसेबल (ज्याची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही) याच्या शेजारी बसतो, पण तो वस्तू किंवा माणूस गमावण्याआधीही म्हणता येतो. एकुलतं एक हस्तलिखित फाटलं तर फाटलेलं पान सांधता येईल, तरी हस्तलिखित इरिप्लेसेबलच. कौतुक म्हणून बिनधास्त वापरता येणारा या घोळक्यातला हा जवळजवळ एकटाच. फार तर आठवणींच्या बाबतीत इंडेलिबल, म्हणजे न पुसता येणारं.

हरवलेलं हाती लागत नसेल तर इरिट्रीव्हेबल. डेटा, संधी, आणि इंग्लंडच्या कायद्यात लग्नसुद्धा: 1969 च्या घटस्फोट सुधारणा कायद्यापासून ‘इरिट्रीव्हेबल ब्रेकडाउन’ हाच तिथे घटस्फोटाचा आधार आहे आणि एप्रिल 2022 च्या बदलांनंतरही तो शब्द टिकला. बुडीत कर्जाला हिशेबात इरिकव्हरेबल म्हणतात.

इरिडीमेबल जपून वापरावा. शेअर-रोख्यांच्या भाषेत तो निरुपद्रवी आहे, परतफेड होणार नाही एवढंच सांगतो. माणसाला लावला की ‘याचा उद्धार नाही’ असा निवाडा होतो. ऑफिसच्या ई-मेलमध्ये तर नकोच.

इरिमीडिएबल क्वचित भेटतो; त्याचा अर्थ, ज्यावर इलाजच नाही असं. कॅनडाच्या 2016 च्या वैद्यकीय साहाय्याने मृत्यूविषयीच्या कायद्यात तो मुख्य अट म्हणून आला. गंमत म्हणजे त्याची व्याख्या करताना आजार इन्क्युरेबल आणि क्षमतेचा ऱ्हास इरिव्हर्सिबल असावा असं लिहावं लागलं. कसलेल्या मसुदाकारांनाही एका शब्दावर भागवता आलं नाही.

उच्चारात दोन ठिकाणी घसरायला होतं. इरेव्होकेबल आणि इरेपरेबल यांत जोर ‘रे’वर येतो, इर-रिव्होकेबल, इर-रिपेअरेबल नव्हे. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला दोन आर. आणि वाचक घाईत असेल, बटण दाबायच्या बेतात असेल, तर यांतलं एकही नको. फाइल कायमची पुसताना चांगली सॉफ्टवेअर ‘धिस कान्ट बी अनडन’ एवढंच म्हणतात.