डायमॅक्सिअनची बॉडी: साचा की फासळ्या?

अमेरिकन संशोधक बकमिन्स्टर फुलरच्या 1933 च्या तीनचाकी डायमॅक्सिअन गाडीची लांबी सुमारे 6 मीटर, म्हणजे 1/24 मापाच्या मॉडेलमध्ये जेमतेम 25 सेंमी. चाकं, चासी कशीही जमतात. खरी कसोटी त्या थेंबासारख्या बॉडीची.

फासळ्यांची पद्धत स्वस्त, यंत्राशिवाय होणारी. 1 मिमी स्टायरीनच्या (प्लॅस्टिक शीटच्या) फासळ्या 12 ते 15 मिमी अंतरावर उभ्या करायच्या, वर 0.5 मिमी जाडीच्या, 3 मिमी रुंद पट्ट्या. शेपटीकडे प्रत्येक पट्टी निमुळती कापावी लागते, नाहीतर कडा एकमेकींवर चढतात. चुकतं ते सोल्व्हंटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून चिकटवणाऱ्या द्रवात: जास्त लावला की पट्टी मऊ पडून फासळ्यांच्या मधे खचते. रंग चढल्यावर तिरप्या उजेडात बरगड्या मोजता येतात!

साच्याची पद्धत म्हणजे व्हॅक्यूम फॉर्मिंग: गरम केलेली प्लॅस्टिक शीट हवा खेचून साच्यावर ओढायची. त्याला आधी लाकडी साचा कोरावा लागतो, तोही शीटच्या जाडीइतका लहान. बाल्सा हे हलकं, मऊ लाकूड नको, गरम शीटवर त्याचे रेषे उमटतात. डावा-उजवा असे दोन साचे करा, कारण एका तुकड्यात खालची वळलेली कड अडकते आणि साचा सुटतच नाही. खोल भागात शीट ताणून पातळ होते, म्हणून 1 मिमीपेक्षा 1.5 मिमी बरी. शीट मधोमध झोळीसारखी लोंबली की लगेच ओढायची; उशीर झाला तर कोपऱ्यात चुण्या पडतात.

त्याच साच्यावर पारदर्शक शीट ओढून वळलेल्या काचाही मिळतात. फासळ्यांवर त्या कुठून आणणार? या गाडीसाठी साचाच.