आठ महिने माहजोंग : चिनी सात-नऊ आणि माझा डावा हात

मागच्या मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली, यूपीएस चारदा पीं-पीं करून बंद पडला आणि कॉम्प्युटर जो बसला तो उठलाच नाही. सीताबर्डीच्या मेकॅनिकने उघडून पाहिलं, हार्ड डिस्क गेली होती. फोटोंची कॉपी दुसरीकडे होती. गेला तो विंडोज ७ मधला माहजोंग टायटन्स हा गेम, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

त्याचं कारण सांगते. माझा उजवा खांदा आखडलेला आहे, माउस डाव्या हाताने धरते. पत्त्यांच्या गेममध्ये पान ओढत न्यावं लागतं, ते मला जमत नाही. माहजोंगमध्ये चित्रांच्या सोंगट्या, म्हणजे टाइल्स, थरावर थर रचलेल्या असतात; एका टाइलवर क्लिक, तिच्या जोडीवर क्लिक, जोडी निघाली, झालं.

नवीन डिस्कवर मेकॅनिकने नवं विंडोज टाकून दिलं, त्यावर मी एक फुकटचा माहजोंग उतरवला. प्रत्येक बोर्डानंतर जाहिरात. आमच्याकडे मोबाइलचा हॉटस्पॉट, त्यामुळे दुपारपर्यंत दिवसाचा डेटा अर्धा खलास. जाहिराती नको असतील तर दर महिन्याला पैसे भरा म्हणे. मी एक रुपया भरला नाही आणि भरणारही नाही. शेवटी भाचा म्हणाला, "मावशी, तू गेम खेळून राहिली का जाहिराती पाहून राहिली?" जुलैमध्ये त्याने विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं. त्यातला माहजोंग फुकट, जाहिरात नाही, इंटरनेटही लागत नाही. हा अनुभव त्याच माहजोंगचा आहे.

आता माझी मुख्य तक्रार. १४४ टाइल्सपैकी ३६, म्हणजे बरोबर पाव हिस्सा, चिनी आकड्यांच्या. कोपऱ्यात १, २, ३ काही नाही. खालचं अक्षर सगळ्यांवर एकच, त्याचा अर्थ दहा हजार, म्हणजे ओळखायला त्याचा उपयोग शून्य. वरचं अक्षर तेवढं वेगळं. एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा, ते कोणालाही कळतं. चार म्हणजे पडदे लावलेली खिडकी. आठ म्हणजे छपराचे दोन उतार, आणि सहा म्हणजे त्याच पायांवर आडवी काठी, वर टिंब. इथवर ठीक. पण सात आणि नऊ! दोघांनाही आडवी रेघ, दोघांचीही शेपटी खाली उजवीकडे वळलेली. नवाला डावीकडे एक पाय जास्त, एवढाच फरक. खस लावलेला कूलर खिडकीत बसवला की खोलीत अंधार होतो, तेव्हा हा पाय मला दिसत नाही. पहिले दोन महिने मी सातावर नऊ दाबत होते. बनवणाऱ्यांना कोपऱ्यात एक आकडा टाकायला काय जड होतं?

सप्टेंबरपर्यंत मी हिंटवरही, म्हणजे गेमने स्वतः जोडी दाखवण्यावरही, चिडून होते. एक हिंट घेतली की घड्याळात ३० सेकंद वाढतात. मग भाच्याने मदतीचं पान वाचून दाखवलं : हा गेम बोर्ड मांडतानाच सुटायचा एक तरी रस्ता ठेवतो. म्हणजे अडकले तर जोडी मी चुकीची लावली. त्या दिवसापासून हिंट सोडली आणि खेळ सुधारला. कासवाच्या मांडणीत खालून वर ८७, ३६, १६, ४ आणि १ असे थर असतात. डाव्या टोकाची एक आणि उजव्या टोकाच्या दोन टाइल्स लवकर काढा, त्या मधल्या ओळी अडवून धरतात. एकाच चित्राच्या चारपैकी तीन टाइल्स मोकळ्या (वर काही नाही आणि डावी किंवा उजवी बाजू उघडी) दिसल्या की हात आवरा, कोणत्या दोन काढल्या तर जास्त टाइल्स सुटतील ते आधी बघा. चारही मोकळ्या असतील तर बिनधास्त काढा. फुलाला कोणतंही फूल चालतं, ऋतूला कोणताही ऋतू. बांबूच्या टाइल्समधला एक्का म्हणजे पक्ष्याचं चित्र, त्याला फुलांत धरू नका.

कॉम्प्युटरवरचा हा खेळ ब्रोडी लॉकार्ड यांनी १९८१ मध्ये प्लेटो नावाच्या सिस्टिमवर बनवला. ते जिम्नॅस्ट होते, अपघातात हातपाय लुळे पडले, आणि त्यानंतर हा प्रोग्रॅम त्यांनी तोंडात काडी धरून टाइप केला. १९८६ मध्ये तो 'शांघाय' नावाने विकायला आला. हे कळलं तेव्हा मी माउसवरचा माझा डावा हात बराच वेळ बघत बसले.

जानेवारीत भाच्याने आकडेवाल्या टाइल्सचा सेट शोधून दिला. चार दिवस खेळले. आकडे इतके बारीक की चष्मा लावूनही ३ आणि ८ सारखे दिसत होते. परत जुन्या सेटवर आले. आता मॉनिटरच्या कडेला एक ते नऊचा कागद चिकटवलाय, सात आणि नऊ लाल स्केचपेनने मोठे काढलेत. तक्रार कायम आहे, पण गेम बदलणार नाही.

एप्रिलच्या आत यूपीएसची बॅटरी तेवढी बदलून घेते आहे. यंदा दुपारी लाइट गेली तर बोर्ड अर्धवट राहील, पण डिस्क वाचेल.