लेबल ३२००चे, रॅम २०१६ची

दुसऱ्यांच्या बिलांवर ज्याचे पोट चालते त्यानेच बिलाशिवाय वस्तू घेऊन फसावे, ही नामुष्की माझ्यावर ओढवली. लॅपटॉपची रॅम वाढवायला निघालेल्या इतरांना उपयोग व्हावा, म्हणून ती सविस्तर लिहितो आहे. मी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहून देतो. मार्चअखेर जवळ आली की टॅली, दोन-तीन जड एक्सेल फायली आणि जीएसटीचे पोर्टल एकाच वेळी उघडे ठेवावे लागते, आणि ८ जीबी रॅमवर माझा लॅपटॉप धापा टाकू लागला होता. दुसरा स्लॉट रिकामा होता, त्यामुळे ८ जीबीची आणखी एक स्टिक घातली की काम भागणार होते.

ब्रँडेड घ्यावी की लोकल, यावर मी आठवडाभर घोळ घातला. वाचून एवढे कळले होते की मेमरीच्या मूळ चिप्स बनवण्याचा धंदा मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती आहे. किंग्स्टनसारखी नावाजलेली कंपनीसुद्धा चिप्स बाहेरून घेते आणि आपल्या स्टिकवर बसवून विकते. म्हणजे लोकल स्टिकवरही चांगल्या चिप्स असू शकतात. फरक पडतो तो निवडीत, तपासणीत आणि बिघाड झाल्यावर बदलून कोण देणार यात. लोकल म्हणजे टाकाऊ असे मी तेव्हाही मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. फसलो ते या दोहोंच्या मधल्या मालात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात भाव विचारला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, बॉक्स पीस एकवीसशे, लोकल बाराशे. पण तुम्हाला मधला माल देतो. कंपनीचाच आहे, फक्त बॉक्स नाही. नव्या लॅपटॉपमधून काढलेला, साडेचौदाशेला." हे पटण्यासारखे होते, कारण नवा लॅपटॉप घेताच त्यातली मूळ रॅम काढून मोठी बसवणारे लोक खरोखरच असतात आणि तो काढलेला माल बाजारात 'पुल-आउट' म्हणून चांगल्या अवस्थेत मिळतो. स्टिकवर नामांकित कंपनीचे लेबल होते आणि त्यावर ८ जीबी, १आरएक्स८, पीसी४-३२००एए असे स्वच्छ छापलेले होते. यातला ३२०० हा स्टिकचा वेग. बिल मागितले, तर अठरा टक्के वर पडतील असे उत्तर आले. दोनशे एकसष्ट रुपये वाचवण्याच्या मोहापायी मी 'रॅम – १४५०' एवढेच लिहिलेली चिठ्ठी खिशात घातली. त्या चिठ्ठीवर दुकानाचे नावही नव्हते.

घरी स्टिक बसवली, टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी दिसले आणि माझे समाधान झाले. त्याच पडद्यावर 'स्पीड'समोर २१३३ हा आकडा होता, पण माझी नजर त्यावर गेलीच नाही. जुनी स्टिक ३२००ची होती. दोन वेगवेगळ्या वेगांच्या स्टिक एकत्र बसवल्या की दोन्ही हळूच्या वेगाने चालतात. दहा-बारा दिवसांनी लॅपटॉप मध्येच बंद पडून निळा पडदा येऊ लागला. आधी मी विंडोजला दोष दिला आणि पाचशे रुपये मोजून मशीन फॉरमॅट करून घेतले. त्यानंतर एका ग्राहकाची एक्सेल फाइल उघडेनाशी झाली, तेव्हा मात्र पाचावर धारण बसली. सुदैवाने तिची आदल्या दिवशीची प्रत पेन ड्राइव्हवर होती.

इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाचीने स्टिक काढून हातात घेतली आणि आधी काही न बोलता ती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "मामा, चिप्स मोज बरं." एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ, अशा सोळा भरल्या. चोरी पकडली गेली ती इथेच. रॅममधून माहिती ये-जा करण्याची वाट ६४ बिटांची असते. लेबलवरच्या '१आरएक्स८'चा अर्थ असा की आठ-आठ बिटांच्या चिप्सची एकच रांग, म्हणजे आठच चिप्स. सोळा चिप्स असतील तर लेबलवर '२आरएक्स८' हवे. चिपांच्या मोजणीलाच लेबल खोटे ठरले. शिवाय सोळांपैकी दोन चिप्सवरचे छापील अक्षर बाकीच्यांपेक्षा वेगळे होते, म्हणजे तिथे पूर्वी डागडुजी झालेली असावी. आणि सोनेरी पिनांवर स्लॉटमध्ये घालून-काढून पडलेले बारीक ओरखडे होते. नखाने लेबलचा कोपरा उचलला, तर खाली जुन्या लेबलचा चिकट डाग निघाला.

मग तिने सीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते आणि तिच्यात निर्माता, वेग, भाग क्रमांक, कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात स्टिक बनली ही माहिती नोंदवलेली असते. आमच्या स्टिकचा वेग तिथे २१३३ आणि वर्ष २०१६ निघाले. फसवणाऱ्याने लेबल बदलले होते, ही नोंद बदलण्याचे कष्ट मात्र घेतले नव्हते. ती नोंदही बदलता येते, असे भाचीने बजावले. म्हणून लेबल, चिप्सची संख्या आणि प्रोग्राममधली माहिती या तिन्हींचा मेळ बसतो का ते पाहावे. रोजकीर्द आणि खातेवही मी रोज जुळवतो, पण हे जुळवणे मला सुचले नव्हते. रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवला. जुनी स्टिक एकटी असताना सगळ्या फेऱ्या निर्विघ्न पार पडल्या. नवी एकटी बसवल्यावर पहिल्याच फेरीत चुका दाखवणाऱ्या लाल ओळींची रांग लागली.

दुकानात गेलो तेव्हा तो मुलगा नव्हता. मालकांनी स्टिक हातातही न घेता विचारले, "बिल?" चिठ्ठी दाखवली. "साहेब, हे आमचं कशावरून? आणि पुल-आउटला सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी असते, ती तर संपली." कोणत्याही न्यायात त्यांची बाजू वरचढ ठरावी अशी सोय मीच करून ठेवली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मला ठाऊक होता. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, हेही ठाऊक होते. पण तक्रार करायची ती कोणाविरुद्ध आणि कशाच्या आधारावर?

शेवटी घराजवळच्या एका दुकानातून लोकल स्टिकच घेतली, कारण ब्रँडेडचे पैसे फॉरमॅटमध्ये आणि त्या साडेचौदाशेत गेले होते. या वेळी जीएसटी भरून पक्के बिल घेतले, स्टिकचा सिरियल नंबर बिलावर लिहून घेतला आणि वॉरंटीची मुदत त्याखाली सहीसकट मागितली. दुकानदार जरा वैतागला, पण त्याने लिहून दिले. चिप्स मात्र मी काउंटरवरच मोजल्या. आठ होत्या, आणि लेबलवरही '१आरएक्स८' होते. त्याच रात्री मेमटेस्ट८६ लावून झोपलो. सकाळी पडद्यावर एकही लाल ओळ नव्हती.