होम लोनचा रिव्ह्यू: साडेचार वर्षं, दोन ठिकाणं आणि ३५३ हप्ते

जुलै २०२१ ला आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके घेतला. फ्लॅट माझ्या नावावर, कारण त्याच वर्षी १ एप्रिलपासून बाईच्या नावावर घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट सुरू झाली होती, आणि लोन आमचं दोघांचं जॉइंट. ३० लाख, २० वर्षं, ६.७५ टक्के फ्लोटिंग, म्हणजे वर-खाली होणारा रेट, हप्ता २२,८११. लोन एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून घेतलं, बिल्डरच्या ऑफिसमध्येच त्यांचा माणूस बसलेला असायचा, चार दिवसांत सँक्शन लेटर हातात. तेव्हा आम्हाला वाटलं यापेक्षा चांगली सर्व्हिस कुठे मिळणार. आता त्याच लोनचा रिव्ह्यू लिहितेय, नाव लिहीत नाही कारण ओळखीतल्या बऱ्याच जणांचा वेगवेगळ्या ठिकाणचा अनुभव असाच आहे, पण आकडे सगळे खरे देते, आपापल्या स्टेटमेंटशी लावून बघा.

जानेवारी २०२३ मध्ये नवऱ्याच्या कंपनीत टॅक्ससाठी व्याजाचं सर्टिफिकेट द्यायचं होतं म्हणून मी स्टेटमेंट डाउनलोड केलं. एरवी कोण बघतं, हप्ता वेळेवर कापला जातोय ना, बास. शेवटच्या पानावर शिल्लक मुद्दल २९ लाख १४ हजार, आणि त्याच्या खाली उरलेले हप्ते ३५३. मला वाटलं छपाईची चूक आहे. २४० हप्त्यांचं लोन, १८ भरले, म्हणजे २२२ राहायला पाहिजेत की नाही? कॅल्क्युलेटर घेऊन बसले. अठरा हप्त्यांचे आम्ही ४ लाख १० हजार भरले होते आणि मुद्दल कमी झालं होतं फक्त ८६ हजारांनी. ३५३ हप्ते म्हणजे साडेएकोणतीस वर्षं, नवरा तेव्हा चाळिशीला टेकलेला, म्हणजे लोन फिटेपर्यंत तो एकोणसत्तरचा. त्या रात्री जेवण झाल्यावर मी त्याला ते पान दाखवलं, तो काहीच बोलला नाही, नुसता चष्मा काढून पुसत बसला.

झालं काय होतं, तर आम्ही लोन घेतलं तेव्हा करोनामुळे रिझर्व्ह बँकेने रेपो रेट ४ टक्क्यांवर आणून ठेवला होता. बँकांना रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने पैसा मिळतो तो रेपो. धंदे बंद, लोकांच्या हातात पैसा नाही, म्हणून कर्ज स्वस्त केलं. मग २०२२ ला युक्रेनचं युद्ध, तेल महाग, खाद्यतेल महाग, एप्रिल २०२२ ची महागाई ७.७९ टक्के, आणि रिझर्व्ह बँकेवर कायद्याने जबाबदारी आहे ती महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायची, जास्तीत जास्त ६. मग ४ मे २०२२ ला ठरलेली मीटिंग नसताना अचानक ०.४० ने वाढ, पुढे जून, ऑगस्ट, सप्टेंबर प्रत्येक वेळी अर्धा अर्धा टक्का, डिसेंबरला ०.३५, फेब्रुवारी २०२३ ला ०.२५. दहा महिन्यांच्या आत ४ चे ६.५० झाले, आणि आमचे ६.७५ चे बरोब्बर ९.२५.

हे सगळं मला मान्य आहे. महागाई वाढली तर व्याज वाढणार, फ्लोटिंग घेतलंय म्हणजे ते आलंच. माझी तक्रार वेगळी आहे. कंपनीने हप्ता तेवढाच ठेवला आणि मुदत वाढवत नेली, आम्हाला न विचारता. नंतर शोधल्यावर एसएमएस सापडले, त्यात रेट बदलल्याचं होतं, मुदतीचं अवाक्षर नाही. मी ऑफिसला गेले, कॅनडा कॉर्नरजवळ, तिथला मुलगा मला म्हणाला, "मॅडम, हप्ता तर तेवढाच आहे ना, मग टेन्शन कशाला घेता?" मी त्याला तिथेच गणित करून दाखवलं, २९ लाख १४ हजारांवर ९.२५ ने महिन्याचं व्याज होतं साधारण २२,४६०. हप्ता २२,८११. म्हणजे महिन्याला मुद्दल फिटणार साडेतीनशे रुपये! मिसळीच्या चार प्लेटींचे पैसे हो, आणि बाकीचे साडेबावीस हजार नुसते व्याजात. त्या हिशोबाने हे कर्ज पंचेचाळीस वर्षं चाललं असतं. तो मुलगा पण कागदाकडे बघत राहिला, त्याला बिचाऱ्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

मुदत परत २२१ वर आणायला सांगितल्यावर हप्ता झाला २७,५०१. महिन्याला ४,६९० रुपये जास्त. अंबड एमआयडीसीत नवऱ्याचा ओव्हरटाइम तेव्हा चालू होता म्हणून जमलं, तरी मुलीचा क्लास सहा महिने पुढे ढकलला आणि माझी भिशी बंद केली. ज्यांना एवढं पण शक्य नसतं त्यांनी काय करायचं? आमच्याच बिल्डिंगमधल्या एकांनी वर्षभरात फ्लॅट भाड्याने दिला आणि स्वतः सिडकोत आईवडिलांकडे राहायला गेले.

बरं, ही मुदत वाढवायची गोष्ट फक्त आमच्याबाबतीत नव्हती, इतक्या तक्रारी झाल्या की १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रकच काढलं. रेट बदलला की हप्त्यावर आणि मुदतीवर काय फरक पडला ते कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं हे ग्राहकाला निवडू द्यायचं, आणि दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट द्यायचं ज्यात आतापर्यंत किती मुद्दल, किती व्याज, किती हप्ते बाकी हे लिहिलेलं असेल. जुन्या लोनला पण हे लागू आहे. म्हणजे आता कुणी "हप्ता तेवढाच आहे ना" म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

आता एक गोष्ट नाशिककर म्हणून सांगावीशी वाटते. माझा दादा निफाड तालुक्यात, कांदा आणि टोमॅटो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभर-दीडशे रुपये किलो झाला तेव्हा दादाचा माल नेमका निघाला होता, चार पैसे हातात आले, वहिनीने दोन वर्षं रखडलेलं बाथरूमचं काम करून घेतलं. आणि त्याच महिन्यात देशाची महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली, कारण ती मोजतात त्या वस्तूंच्या टोपलीत तेव्हा खाण्यापिण्याचं वजन होतं जवळजवळ ४६ टक्के. रेपो खाली यायचं नाव नाही, ६.५० वर दोन वर्षं जागचा हलला नाही. डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली, लासलगाव, चांदवडला शेतकरी रस्त्यावर आले, दादा पण गेला होता. आणि २०२५ ला उलट झालं, भाज्या पडल्या, कांदा पडला, ऑक्टोबर २०२५ ची महागाई फक्त ०.२५ टक्के. त्या दिवाळीत भाऊबीजेला गेले तेव्हा दादा कांद्याच्या चाळीत बसून कोंब आलेला उन्हाळ कांदा वेगळा काढत होता, एप्रिलपासून भाव येईल म्हणून ठेवलेला. मी पण बसले सोबत, हाताला तो ओलसर वास लागला, दोन दिवस गेला नाही. माझा हप्ता ज्या कारणाने उतरणार होता ते कारण माझ्या समोर ढिगाने पडलं होतं. दादाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "तुझं तरी कमी होतंय ना, होऊ दे."

पण कमी होत नव्हतं ना! फेब्रुवारी २०२५ ला रेपो ६.२५, एप्रिलला ६, जूनला एकदम अर्धा टक्का उतरून ५.५०. एक टक्का पूर्ण. आमच्या कंपनीने आम्हाला दिला किती, पाव टक्का. ९.२५ चे ९. वर जाताना अडीचचे अडीच घेतले आणि खाली येताना पाव. विचारलं तर उत्तर आलं की आमचा रेट रेपोवर नाही, आमच्या पीएलआरवर आहे, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या मूळ दरावर. आणि ते नियमाने बरोबर आहे, हेच मला सगळ्यांना सांगायचंय. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होम लोन रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावं लागतं आणि तीन महिन्यांत एकदा तरी रेट रीसेट करावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, त्यांचा पीएलआर त्या स्वतः ठरवतात. सँक्शन लेटरमध्ये हा शब्द पहिल्या पानावर होता, आम्ही वाचला नाही, वाचला असता तरी तेव्हा कळला नसता. नवीन गिऱ्हाइकाला तीच कंपनी साडेसातच्या आसपास देत होती, आणि जुन्याला म्हणत होती कन्व्हर्जन फी भरा, ८.३५ करतो.

मग ट्रान्सफर, म्हणजे उरलेलं लोन दुसरीकडे न्यायचं. शरणपूर रोडवरच्या एका सरकारी बँकेत गेलो, रेपो अधिक २, म्हणजे तेव्हा ७.५०. सिबिल चांगला होता म्हणून २, नाहीतर तो वरचा आकडा वाढतो. आणि रेपो सगळ्यांना सारखाच असतो, त्यामुळे भाव करायचा असेल तर या वरच्या आकड्यावर करा. जुन्या कंपनीला फोरक्लोजर लेटर, म्हणजे लोन पूर्ण फेडायला किती भरायचे ते पत्र, मागितल्याबरोबर फोन सुरू झाले, ८.३५ चे ८.१० झाले, फी माफ झाली. एवढं करता येत होतं तर आधी का नाही केलं? लेटर द्यायला त्यांनी सतरा दिवस लावले. दंड मात्र लावता आला नाही, स्वतःच्या नावावरच्या फ्लोटिंग होम लोनला मुदतीआधी फेडण्याचा चार्ज नसतो, कुणी मागितला तर देऊ नका.

नव्या बँकेचं पण सगळं गोड नाही. पगाराच्या स्लिपा तीनदा मागितल्या, वकिलाचा सर्च रिपोर्ट आला तर व्हॅल्युएशनवाला गावाला, एकूण दीड महिना गेला, आणि वकील, व्हॅल्युएशन, स्टॅम्प, प्रोसेसिंग मिळून जवळपास वीस हजार खर्च. पण तिथल्या मॅनेजर मॅडमनी एक कागद पुढे ओढून दोन ओळी लिहिल्या, त्यासाठी मी त्यांना मनापासून मानते. पहिल्या ओळीत, मुदत आहे तीच १८२ ठेवली तर हप्ता २५,१११. दुसऱ्या ओळीत, हप्ता आहे तोच २७,५०१ ठेवला तर १५५. "घरी जाऊन ठरवा, आज सही करू नका," म्हणाल्या. आम्ही दुसरी ओळ घेतली. सत्तावीस हप्ते कमी, म्हणजे सात लाख चाळीस हजारांच्या वर. मग ५ डिसेंबर २०२५ ला रेपो ५.२५ झाला, आणि जानेवारीला न सांगता, न मागता, फी न भरता आमचा रेट ७.२५. दोन हप्ते भरून १५३ राहिले असते तिथे १५० राहिलेत, आणि यावेळी एसएमएसमध्ये रेट, हप्ता, उरलेली मुदत तिन्ही होतं. मी स्क्रीनशॉट काढून नवऱ्याला पाठवला.

रेपो परत वर गेला तर हा रेट पण तितक्याच तत्परतेने वर जाणार, तीन महिन्यांच्या आत, त्यामुळे रेपो लिंक्ड म्हणजे नेहमी स्वस्त असं समजू नका. नवऱ्याचा मामेभाऊ अमेरिकेत आहे, त्याने पण २०२१ लाच घर घेतलं, तीन टक्क्यांच्या आसपास आणि तीस वर्षं फिक्स. तिकडे नवीन कर्जं २०२३ ला आठच्या जवळ गेली तरी त्याचा हप्ता एक डॉलरने हलला नाही. फक्त आता त्याला मोठं घर हवंय तर हे सोडवत नाही. आपल्याकडे तसं फिक्स शोधायला गेलं तर मला जे सांगितले ते सगळे दोन-तीन वर्षांपुरते फिक्स होते, पुढे परत फ्लोटिंग, आणि रेट वरचा.

पहिल्या कंपनीला पाचपैकी दीड, तो दीड पण चार दिवसांत सँक्शन दिलं म्हणून. सरकारी बँकेला चार, एक कापला तो तीनदा मागितलेल्या स्लिपांसाठी. कुणाला ट्रान्सफर करायचं असेल तर आधी स्वतःच्या कंपनीकडून एलओडी मागून घ्या, म्हणजे त्यांच्याकडे तुमचे कुठले कुठले मूळ कागद आहेत त्याची यादी, आणि आपल्या झेरॉक्सशी एकेक लावून बघा. आमच्या यादीत बिल्डरची मूळ पावती नव्हती, ती शोधण्यात आठ दिवस गेले, शेवटी त्यांच्याच दुसऱ्या फाइलमध्ये सापडली.