जुनं जहाजाचं किट विकायचं असेल तर सांगलीच्या गावभागातलं हे दुकान

न बांधलेलं जुनं मॉडेल किट, म्हणजे सुटे भाग जोडून छोटी प्रतिकृती बांधायचा संच, तपासून त्याची खरी किंमत सांगणारं माणूस सांगलीत आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते. दुकान तसं शाळेच्या प्रोजेक्टच्या सामानाचं. बाल्सा लाकूड, छोट्या मोटारी, पॉलिश पेपर, असं सगळं मिळतं. मागच्या खोलीत मालक जुनी किट्स तपासतात आणि कमिशनवर विकूनही देतात. तपासणीचे तीनशे रुपये, विक्री झाली तर तेवढे कमिशनमधून वजा. कमिशन १२ टक्के.

माझ्याकडचं किट डेन्मार्कच्या बिलिंग बोट्स कंपनीचं, कटी सार्क या जहाजाचं, १:७५ प्रमाणातलं. चुलते बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ते वडिलांसाठी आणलं. वडील किर्लोस्करवाडीला पॅटर्नमेकर होते, ओतकामाचे लाकडी साचे करण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर निवांत बांधू म्हणून त्यांनी ते जपून ठेवलं आणि ते राहूनच गेलं. २००५ आणि २०१९, दोन्ही पुरांत आमच्या खालच्या खोल्यांत पाणी होतं, पण खोका माळ्यावर होता.

तपासणी कशी केली ते सांगते, कारण खरं काम तिथंच आहे. टेबलावर पांढरी चादर अंथरली, खोक्यातला एकेक जिन्नस काढून मांडला आणि छापील यादी समोर ठेवून एकेक सुटा भाग मोजला. महागनीच्या पट्ट्या लांबीप्रमाणे लावल्या. प्लायची प्रत्येक पाटी उजेडाकडे तिरकी धरून कडेनं पाहिली, दमटपणानं थर सुटलेत का म्हणून. आमच्या एका पाटीचा कोपरा फुगला होता. तो भाग मोकळा होता, त्यावर कुठलाही आकार छापलेला नव्हता, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं. पट्ट्या वाळून कडक झाल्यात म्हणून मला काळजी वाटत होती. "भिजवल्या की वळतात ताई, ते काय नुकसान नव्हं," म्हणाले. शिडांच्या रिळाचा दोरा मात्र ओढून बघितला, तर पटकन तुटला. जुना सुती दोरा कुजतोच आणि नवा सहज मिळतो, त्यामुळे त्याचे फारसे पैसे कापले जात नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "फिटिंगचा डबा कुठाय?" बिलिंगच्या जुन्या किटांत कप्प्या, नांगर, पितळी सामान हे सगळं वेगळ्या डब्यात, वेगळं विकत घ्यावं लागायचं, हे मला तिथं कळलं. चुलत्यांनी दोन्ही घेतलं होतं. डबा घरी शिवणाच्या कपाटात होता, मी रिक्षानं जाऊन घेऊन आले. तो नसता तर किंमत निम्म्यावर आली असती, असं त्यांचं म्हणणं. पितळ काळवंडलं होतं, पण पॉलिश करायला त्यांनी साफ मनाई केली. खोक्यावरचं परदेशी दुकानाचं किमतीचं लेबलही काढू दिलं नाही.

किंमत ठरवतानाही त्यांनी अंदाजानं आकडा फेकला नाही. ईबेवर लोक अशा किटाला ४०,००० सुद्धा मागतात, ते मीही पाहिलं होतं. त्यांनी फक्त विकून झालेल्या किटांच्या किमती काढून दाखवल्या. त्या बऱ्याच खाली होत्या. शिवाय कटी सार्क जहाज फार नावाजलेलं. १८६९ साली स्कॉटलंडमध्ये पाण्यात उतरलं, चीनहून चहा आणायचं, आता लंडनमधल्या ग्रीनिचला जतन करून ठेवलंय. नावाजलेलं म्हणूनच कितीतरी कंपन्यांनी त्याची किट्स काढली आणि अजून नवी मिळतात. जहाज प्रसिद्ध आहे म्हणून किट दुर्मिळ ठरत नाही, हे त्यांनी न लपवता सांगितलं. आमच्या किटाची किंमत नऊ ते अकरा हजार काढली. पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं फोनवरच, खोका न बघता, दोन हजार सांगितले होते.

वडिलांनी किटातल्या बांधणीच्या नकाशावर पेन्सिलीनं मापं लिहून ठेवली होती. फासळ्यांच्या जाडीशेजारी त्यांचे बारीक, सरळ आकडे, आणि कडेला कसरीनं खाल्लेली किनार. मला वाटलं, हे खोडा म्हणतील. त्यांनी भिंग लावून ती मापं वाचली आणि म्हणाले, "संग्रहाला घेणारा याचे पैसे कापंल. बांधणारा मात्र खूश हुईल. तुम्हाला कुणाला द्यायचंय ते आधी सांगा." मी म्हटलं, बांधणाऱ्याला.

पुढं गिऱ्हाइकं दोन आली. बंगळूरच्या संग्राहकानं बारा हजार देऊ केले, कुरिअर आमच्याकडे. दुसरे इचलकरंजीचे निवृत्त शिक्षक, साडेदहा हजार, स्वतः येऊन नेणार, आणि खरंच बांधणार. मालकांनी दोन्ही आकडे माझ्यासमोर ठेवले. संग्राहकाकडे त्यांचंही कमिशन जास्त होतं, तरी त्यांनी कुरिअरचा हिशोब स्वतःहून मांडला. खोका ८० सेंटिमीटर लांब, २५ रुंद, १२ उंच. तिन्ही गुणून ५००० नं भागलं की ४.८ किलो येतात, आणि खोक्याचं खरं वजन तीन किलोही नसलं तरी कुरिअरवाले पैसे या ४.८ चेच लावतात. वर लाकडी पेटी बांधायचा खर्च. मला तसंही शिक्षकांनाच द्यायचं होतं. पैसे ठरल्या दिवशी मिळाले, कमिशनच्या १,२६० मधून तपासणीचे तीनशे सोडून उरलेले ९६० वजा होऊन.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. फोटो ट्यूबलाइटखाली काढतात, ते पिवळट येतात आणि लाकूड जुनाट दिसतं. माझ्या भाच्यानं गच्चीवर सकाळच्या उन्हात पुन्हा काढले, त्यानंतरच चौकश्या सुरू झाल्या. दुसरं म्हणजे पावती. वहीच्या पानावर नुसतं "बोट किट १ नग" लिहून देत होते. मी सगळ्या भागांची संख्या आणि फिटिंगचा डबा वेगळा लिहून घेतला, तेव्हा कुरकुर न करता सही दिली. तुम्हीही मागाच.

वस्तू ठेवून घेतात तेव्हा विक्रीला वेळ लागतो, महिने जाऊ शकतात. घाई असेल तर नुसती तपासणी करून घ्या, तीनशे रुपयांत तेवढं ज्ञान स्वस्त आहे. जाताना खोका आडवाच न्या, नकाशा आहे त्याच घडीत राहू द्या, आणि नकाशावर घरच्या कुणाचं अक्षर असेल तर आधी मोठ्या आकाराची झेरॉक्स काढून ठेवा. मी काढली आहे. शिक्षकांनी परवा कण्यावर पहिल्या फासळ्या उभ्या केल्याचा फोटो पाठवला, वडिलांच्या मापांनीच कापल्यात म्हणाले.