पार्तागास सेरिये डी नं. 4 : पंचवीस सिगार, दहा महिने

गेल्या ऑक्टोबरमध्ये कामासाठी माद्रिदला गेलो होतो. स्पेनमध्ये सिगार एस्तांको नावाच्या परवानाधारक दुकानांत मिळतात आणि भाव कायद्याने सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे नकली मालाची धास्ती नव्हती. भारतात परतताना बिनशुल्क आणता येतात ते 25 सिगार, आणि या सिगारची पेटीही 25चीच. अख्खी पेटी घेतली. तेवढ्या पैशात एक बरा फोन येतो. म्हणूनच ठरवलं, की एकदोन ओढून मत बनवायचं नाही. पेटी उतरत जाईल तशी प्रत्येकाची वहीत नोंद करायची.

पार्तागास हे क्युबातल्या हवानाचं, 1845 सालापासूनचं नाव. जुना कारखाना तिथल्या कापितोलियो या घुमटाच्या प्रसिद्ध इमारतीमागच्या इंदुस्त्रिया रस्त्यावर होता. हा सिगार 124 मिलिमीटर लांब, जाडी 50. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात, म्हणजे साधारण 20 मिलिमीटर, हाताच्या अंगठ्याएवढा. आत रोपाच्या वेगवेगळ्या उंचीची पानं असतात: खालचं वोलादो नीट जळावं म्हणून, मधलं सेको वासासाठी, वरचं लिहेरो ताकदीसाठी. लिहेरो सगळ्यात जास्त ऊन खातं, जाड असतं, सावकाश जळतं, म्हणून वळताना ते मधोमध ठेवतात. राख गळून पडली की निखाऱ्याचा टोकदार सुळका दिसतो, तो या लिहेरोचाच. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा वळणाऱ्याच्या बोटांबद्दल फार आदर वाटला.

पेटीच्या तळाशी ती भरल्याचा महिना स्पॅनिशमध्ये छापलेला असतो. माझ्या पेटीवर ‘एने’, म्हणजे जानेवारी. घेतली तेव्हा पेटी नऊ महिन्यांची होती. एक महिना विश्रांती देऊन नोव्हेंबरात पहिला पेटवला. न पेटवता ओढून पाहिला तर गोठ्यातल्या वाळल्या कडब्याचा वास, अगदी आजोळची आठवण करून देणारा. पेटवल्यावर मिरीचा ठसका आणि त्यामागे अमोनियाची बारीक झाक. ताज्या सिगारमध्ये पान अजून आतल्या आत मुरत असतं, त्याचा हा वास. दोष पेटीचा नव्हता, माझ्या घाईचा होता. पहिल्या तीनही नोंदींत मी ‘तिखट, एकसुरी’ असंच लिहून ठेवलं आहे.

जानेवारीपासून चित्र पालटलं. ठाण्यातली ती कोरडी, गार हवा, रात्रीचं जेवण झालेलं, गच्चीत वारा नाही. सुरुवातीला मिरी आहेच, पण आता तिच्यासोबत भाजलेले शेंगदाणे. दहाबारा मिनिटांनी मिरी मागे सरते आणि ओल्या मातीचा, कोऱ्या कॉफीचा स्वाद वर येतो. हा मधला भाग या सिगारचा खरा ऐवज. थोडा धूर नाकावाटे सोडला (छातीत अजिबात न घेता) की त्यात जायफळासारखं काहीतरी गोडसर सापडतं, ते जिभेवर कधीच कळत नाही. शेवटच्या तिसऱ्या भागात नव्या कोल्हापुरी चपलेचा चामड्याचा वास, कडू कोको आणि भरपूर ताकद. दोन बोटं उरला की मी ठेवून देतो, पुढे नुसती जळजळ आहे. सगळा मिळून पाऊण ते एक तास. मिनिटाला एकच झुरका, त्याहून घाई केली की सिगार तापतो आणि सगळे स्वाद एकाच कडूपणात बुडतात.

मग जून आला. सिगार मी एका लाकडी ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे आतली ओल कायम राखणाऱ्या डब्यात, ठेवत होतो. आतून अस्तर स्पॅनिश सीडरचं, जे खरं तर सीडर नव्हेच, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे. काटा 68 टक्के आर्द्रता दाखवत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण सिगार बोटांना स्पंजासारखे लागायला लागले. ओढ जड झाली, एक बाजू जळे तर दुसरी नाही, तीनतीनदा पेटवावा लागे. एकाचं वरचं पान फुगून तडकलं, तो टाकून दिला. शेवटी मिठाची परीक्षा केली: बाटलीच्या झाकणात मीठ, लापशीसारखं होईल इतपतच पाणी, आणि काट्यासह ते एका बंद पिशवीत रात्रभर. तिथे 75 दिसायला हवं, माझा काटा दाखवत होता 67. म्हणजे 68 वाचून मी खुश होतो तेव्हा आत 76 होतं. ही परीक्षा पहिल्याच दिवशी करायला हवी होती. कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच पहिलं सांगणं आहे.

त्यानंतर लाकडी ह्युमिडॉर बाजूला ठेवला. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, जुन्या पेटीतली सीडरची पातळ फळी आणि 65 टक्क्यांची, ओल शोषणारी आणि सोडणारीही, दोन पाकिटं. डबा एसीच्या खोलीतल्या कपाटात अगदी खाली, कारण पारा 24-25च्या वर गेला की तंबाखूतल्या किड्याची अंडी उबण्याची भीती. महिनाभरात सिगार पुन्हा कडक झाले. ऑगस्टमधला, बाहेर धो धो पाऊस असताना ओढलेला सिगार माझ्या वहीतला सर्वोत्तम आहे. अमोनिया नावालाही नाही, मिरी मऊ, आणि मधला मातीचा स्वाद थेट शेवटापर्यंत टिकला. त्याच पेटीतल्या, नोव्हेंबरातल्या सिगारचा हा भाऊ आहे यावर मेव्हण्याचा विश्वास बसेना. दोन्ही वेळा तोच माझ्यासोबत होता.

रिकाम्या पोटी हा ओढू नये. मी एकदा ओढला, घाम फुटला आणि डोकं गरगरलं. तेव्हापासून गुळाचा खडा जवळ ठेवतो. सोबत पाणी किंवा कोरी कॉफी. दुधाच्या चहाने जिभेवर साय बसते, काही कळत नाही. धूर छातीत घेत नाही म्हणून सिगार निरुपद्रवी ठरत नाही. निकोटिन तोंडातूनही रक्तात उतरतं आणि तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका खरा आहे. म्हणून महिन्याला दोन, त्याहून जास्त नाही, घरात तर कधीच नाही. ज्याला तंबाखूची सवयच नाही त्याने माझं वाचून सुरुवात करावी असं मला मुळीच वाटत नाही.

ज्यांना दमदार, मातकट सिगार आवडतो त्यांनी हा जरूर घ्यावा, पण पेटीवरचा महिना बघून, आणि किमान वर्षभर ठेवायची तयारी असेल तरच. सौम्य आवडणाऱ्यांना तो झेपणार नाही.

अठरा मी ओढले, दोन मेव्हण्याने, एक तडकला. उरलेल्या चारांपैकी दोन दिवाळीनंतर काढणार आहे. बाकीच्या दोघांवर कागद गुंडाळून पुढच्या वर्षीच्या ऑगस्टची तारीख घातली आहे.