मेटोप्रोलॉल, नऊ महिन्यांनी: ठोके ताब्यात, घामाचं काय?

जानेवारीत सुरू केली, आता ऑक्टोबर. मेटोप्रोलॉल सक्सिनेट, म्हणजे ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर गोळी, आधी २५ मिलिग्रॅम, तीन आठवड्यांनी ५०. नुसत्या बीपीसाठी हल्ली डॉक्टर सहसा ही गोळी पहिली देत नाहीत. मला बीपीच्या जोडीला धडधड होती, होल्टरमध्ये (चोवीस तास अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) अधूनमधून जादा ठोके दिसले, म्हणून दिली. बीपीला टेल्मिसार्टन आणि साखरेला ग्लिमेपिराइड चालूच आहे.

धडधडीचं काम तिने चोख केलं. बसल्या जागी नाडी ९२ असायची, ती ६४ वर आली. गोव्यातल्या हरवळ्याच्या धबधब्याच्या पायऱ्या चढून वर आलो की पूर्वी १४० व्हायची, आता ११० च्या पुढे सरकत नाही. पहिले दोन महिने मात्र पाय ओढल्यासारखे वाटायचे, गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकलीय तसं. शिवाय स्वप्नं! ही गोळी चरबीत विरघळणारी, मेंदूपर्यंत पोचते, त्यामुळे काहींना असं होतं म्हणे. मी महिनाभर रोज रात्री कुठल्या तरी परीक्षेला उशिरा पोचत होतो. मग आपोआप थांबलं.

फेब्रुवारीत आमच्या साखळी गावाकडच्या एका जत्रेत नाटक होतं. पडदा उघडण्याआधी माझं काळीज दरवर्षी ढोल वाजवतं. यंदा छाती एकदम शांत, आणि हातातली तलवार तरी थरथरतेय! विचित्रच वाटलं. नंतर डॉक्टरांनी उलगडा केला. हृदयावर मुख्यतः बीटा-१ ग्राहक, म्हणजे घाबरल्यावर सुटणाऱ्या अॅड्रिनॅलिनचा निरोप घेणारे रिसेप्टर, असतात, आणि मेटोप्रोलॉल या मात्रेत जास्त करून तेच अडवते. हातांची थरथर स्नायूंतल्या बीटा-२ मुळे, ती बरीचशी सुटून राहते. स्टेजच्या भीतीसाठी लोक प्रोप्रानोलॉल घेतात, ती दोन्ही अडवते. जेम्स ब्लॅक यांनी ती शोधली ती अर्थात स्टेजसाठी नव्हे. हृदयाला प्राणवायू जास्त पुरवण्यापेक्षा त्याची गरजच कमी करावी, हा त्यांचा विचार होता. १९८८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता मुख्य तक्रार. गोळीची म्हणा, नाहीतर माझ्या अज्ञानाची. मे महिन्यात दुपारी म्हापशाच्या बाजारात होतो. सकाळी दोन घास पेज खाऊन निघालेला, जेवण टळलेलं. कपाळावरून घाम, सदरा पाठीला चिकटलेला. मे महिन्यात म्हापशात घाम कुणाला येत नाही? आंबेवाल्या बाईंनी पैसे परत दिले ते मला मोजता येईनात. एवढ्यावर शंका आली. साखर तपासली तर ५८. पूर्वी साखर उतरली की छाती धडधडून आधी सांगायची. या वेळी छाती गप्प, आणि थरथर होती ती इतकी थोडी की उन्हाच्या नावावर खपवली.

घाम मात्र येतो, कारण घामग्रंथींकडे जाणाऱ्या नसा सिम्पथेटिक (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या) असल्या तरी त्यांचा निरोप अॅसिटिलकोलीन नावाचं वेगळं रसायन पोचवतं, अॅड्रिनॅलिन नव्हे. बीटा ब्लॉकर त्याच्या वाटेत येतच नाही. म्हणजे साखर उतरल्याची माझी उरलेली मोठी खूण कोणती, तर घाम. आणि राहतो कुठे, तर गोव्यात! आता उन्हाळ्यात बाहेर पडताना ग्लुकोजची पुडी आणि मशीन सोबत असतंच, आणि न जेवता ग्लिमेपिराइड घ्यायची नाही हे डॉक्टरांनी ठणकावून सांगितलंय.

दुसरा धडा चतुर्थीचा, आणि तो शंभर टक्के माझा गलथानपणा. पाकीट संपलं, दुकानं बंद, म्हटलं तीन दिवसांनी काय होतं? तिसऱ्या दिवशी माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधायला स्टुलावर चढलो, हातात नारळांचा घोस, आणि छातीत धाडधाड. खाली उतरून नाडी मोजली, ११२. गोळीने ग्राहक अडवलेले असतात तेव्हा शरीर त्यांची संख्या वाढवून ठेवतं. गोळी अचानक सुटली की तेवढ्या वाढीव ग्राहकांवर अॅड्रिनॅलिन तुटून पडतं. हृदयाच्या धमन्या अरुंद असलेल्यांना यात झटकाही येऊ शकतो. थांबवायचीच तर एक-दोन आठवडे हळूहळू कमी करत, डॉक्टरांना विचारून. डॉक्टरांना फोन केला, बरंच ऐकून घेतलं, गोळी परत सुरू. आता शेवटची पट्टी फोडली की नवीन आणतो.

बारीकसारीक: जेवणासोबत किंवा लगेच नंतर घ्यायची. मधल्या रेघेवर मोडली तर चालते, पण चावायची किंवा कुटायची नाही, कारण औषध दिवसभर हळूहळू सुटायला हवं. पावसात पाय गार पडतात, मोजे घालतो. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावं, तेही बीटा ब्लॉकरच, डोळ्यातून रक्तात जातं आणि नाडी आणखी उतरते.

परवा तालमीला आमचा सेनापती म्हणाला, "तुझी ती काळजाची गोळी मला पण दे रे एक, प्रवेशाला माझे पाय लटपटतात." मी त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. दम्याचा पंप बाहेर डोकावत होता. श्वासनळ्या सैल ठेवायचं काम बीटा-२ चं, आणि त्याचा पंप त्यांनाच हाक मारतो. माझी गोळी त्यांनाही थोडंफार अडवू शकते. "तुला ही नको, बाबा," म्हटलं, "तू आपला लटपटतच ये. सेनापती हरणारच आहे तिसऱ्या अंकात."